पुण्यात सुट्टीचा दिवस सायकल आणि कॉफीत घालवायचा असेल तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका दिवसात किती किलोमीटर चालवायची?

वीस-बावीस पुरे. सायकल रोज न चालवणाऱ्यालाही ते जमतं, कारण हे अंतर एका दमात कापायचं नसून मध्ये दोन-तीन ठिकाणी बसायचंच आहे. सिंहगड, खडकवासला, पानशेत ही नावं या यादीत मुद्दाम घेतलेली नाहीत. सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन यायलाच अर्धा दिवस जातो, वर घाट चढायचा तर पाय मोकळे उरत नाहीत, आणि मग कॉफी औषधासारखी घशाखाली ढकलावी लागते. तो वेगळ्या दिवसाचा बेत.

आमचा अनुभव असा, की असा दिवस बिघडतो तो दमल्यामुळे क्वचितच. बिघडतो वेळ चुकल्यामुळे. सकाळी नऊपर्यंत सायकल आटपली आणि खाणंपिणं त्यानंतर ठेवलं, तर बाकी सगळं आपोआप जुळतं. उलटं केलं, म्हणजे आधी ऐसपैस नाश्ता आणि मग साडेदहाला कर्वे रस्त्यावर सायकल, तर धूर, ऊन आणि भरलेलं पोट तिन्ही एकदम भेटतात.

रविवारी जावं की मधल्या वारी?

मधल्या वारी रजा मिळत असेल तर डोळे झाकून ती घ्या, त्यातही मंगळवार-बुधवार. रविवारी सकाळी साडेआठपर्यंत रस्ते मोकळे असतात हे खरं, पण फर्ग्युसन रस्त्यावरच्या प्रत्येक हॉटेलाबाहेर त्यानंतर माणसं नाव लिहून ताटकळत उभी असतात. कामाच्या दिवशी साडेदहा ते साडेबारा ही हॉटेलांची सुस्त वेळ. नाश्तेवाले उठलेले, जेवणारे अजून आलेले नसतात. तेव्हा टेबल मिळतं आणि कुणी उठवतही नाही.

किती वाजता निघायचं?

ऋतू बघा. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या पुढे उगवतो, त्यामुळे पावणेसातला दिवा लावून निघा आणि हातमोजे घाला, विद्यापीठाच्या आवारात चांगलंच गार असतं. जूनच्या सुरुवातीला सहालाच उजाडतं. एप्रिल-मेमध्ये सहाला चाकं फिरायलाच हवीत. त्या महिन्यांत पारा चाळिशीपर्यंत जातो आणि डांबरी रस्ता दहापासूनच उष्णता फेकू लागतो.

नेमका रस्ता सांगा.

सुरुवात डेक्कनच्या गुडलक चौकातून. फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे, गुडलककडून कृषी महाविद्यालयाच्या दिशेने. जंगली महाराज रस्त्यावर नेमकं उलटं, वाहनं डेक्कनकडे येतात. पहाटे रस्ता रिकामा आहे म्हणून उलट्या दिशेने घुसू नका. समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याचाही तुमच्यासारखाच समज असतो, की या वेळी कुणी येणार नाही.

फर्ग्युसन कॉलेजचं दार मागे टाकून ज्ञानेश्वर पादुका चौकापर्यंत जा आणि डावीकडे मॉडेल कॉलनीत शिरा. लकाकी रस्त्याचा भाग हा या फेरीतला सगळ्यात छान तुकडा : जुनी झाडं, जुने बंगले, कमी वाहनं. इथे घाई करू नका. पुढे दीप बंगला चौकाकडून सेनापती बापट रस्त्याला लागा. चतुःशृंगीजवळ थोडा चढ आहे. सायकलला गिअर असतील तर चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाका. चढात जोर देत गिअर बदलला की चेन कडकडते आणि कधीकधी उतरतेच. नवरात्रात चतुःशृंगीची यात्रा असते, त्या दिवसांत हा रस्ता सोडून द्या.

मग विद्यापीठ. प्रवेशद्वारावर विचारलं तर सांगायला ओळखपत्र जवळ असू द्या. आत एक निवांत फेरी मारली की तीन-चार किलोमीटर होतात. मुख्य इमारत पूर्वी मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान होती, १८६० च्या दशकात बांधकाम सुरू झालेलं. तिच्यासमोरच्या हिरवळीजवळ सायकल टेकवून पाणी प्या.

परत येताना सेनापती बापट रस्ता, लॉ कॉलेज रस्ता आणि प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधून डेक्कन. हे सगळं साधारण बारा किलोमीटर होतं आणि रमतगमत दीड तास लागतो. एकेरीचे नियम पुण्यात अधूनमधून बदलतात, म्हणून फोनवरच्या नकाशापेक्षा चौकातल्या फलकावर विश्वास ठेवा.

गणेशखिंड रस्त्याने थेट का नको?

सरळ आहे, पण रुंद आणि वेगवान. मेट्रो आणि उड्डाणपुलाच्या कामांमुळे तिथली लेनही सारखी बदलत आली आहे. सायकलवाल्याला मॉडेल कॉलनीचा वळसा स्वस्तात पडतो.

वेगळे सायकल मार्ग आहेत ना पुण्यात?

आहेत, तुकड्या-तुकड्यांत. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धेच्या सुमारास बरेच बांधले गेले, पुढे २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. प्रत्यक्षात मात्र शंभर मीटर सुरेख पट्टा, मग विजेचा डीपी, मग पार्क केलेल्या दुचाक्या, मग पट्टा संपला, असा प्रकार वारंवार दिसतो. जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना झाली तेव्हा पदपथ मात्र खरोखर ऐसपैस झाले. तिथे सायकल हातात धरून चालायलाही मजा येते.

एकच ठोक सल्ला : मार्ग जिथे संपतो तिथून मुख्य रस्त्यावर येताना थांबून मागे बघा. पट्ट्यावरून एकदम बाहेर आलेली सायकल मागच्या वाहनाला दिसलेलीच नसते.

सायकल नाही. भाड्याने मिळते का?

मिळते, पण डिसेंबर २०१७ पासून दोनेक वर्षं शहरभर उभ्या असायच्या तशा, फोनवरून कुलूप उघडणाऱ्या सायकलींच्या भरवशावर येऊ नका. त्या योजना आल्या तशा ओसरल्या. आता भाड्याने देणारी सायकलची दुकानं शोधावी लागतात. ती ओळखपत्राची प्रत आणि अनामत रक्कम घेतात, दर दिवसावर असतो. आदल्या संध्याकाळी सायकल ताब्यात घ्या, सकाळी सहाला दुकान उघडलेलं नसतं.

घेताना दुकानासमोरच पाच मिनिटं तपासणी करा :

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबून ढकला, चाक फिरता कामा नये. ब्रेकचा दांडा हँडलला टेकत असेल तर वायर सैल आहे, तिथेच आवळून घ्या. दोन्ही चाकं उचलून फिरवा आणि रिम ब्रेकच्या रबराला एकाच जागी घासते का बघा. घासत असेल तर चाकात आउट आहे, म्हणजे ते वाकडं झालंय. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल पुढेमागे हलवा, टकटक आली तर हँडलचे कप सैल. शेवटी टायरला बाजूने भेगा आहेत का बघा. वरची नक्षी शाबूत आणि बाजू फाटलेली, असे टायर भाड्याच्या सायकलींना फार असतात, कारण त्या महिनोन्‌महिने हवेविना उभ्या असतात.

सीटची उंची कशी ठरवायची?

बहुतेकांची सीट खाली असते. पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून ती खाली घेतलेली असते आणि मग पाच किलोमीटरमध्ये गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं. सोपी पद्धत : भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर सीट वर गेली आहे, अर्धा सेंटीमीटर खाली घ्या.

थांबताना पाय पुरत नाहीत ही तक्रार येते. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं असतं, सीटवर बसून नाही. दोन चौकांत सवय होते.

हवा किती भरायची? दुकानदार दगडासारखं टायर करून देतो.

कारण कडक टायर म्हणजे चांगलं काम, असं त्यालाही वाटतं आणि गिऱ्हाइकालाही. साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी शहरातले आकडे साधारण असे : काळी उभी सायकल असेल तर ४५ ते ५५ पीएसआय, ३५ ते ३८ मिलिमीटर टायरची हायब्रिड असेल तर ५० ते ६०, दोन इंची जाड टायरची एमटीबी (माउंटन बाइक) ३० ते ४०, आणि २५ मिलिमीटरची रोड सायकल ८० ते ९५. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, म्हणून तिथे पाचेक पीएसआय अधिक. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तिथपर्यंत भरायचं बंधन नाही.

हवा जास्त झाली की स्पीडब्रेकर आणि काँक्रीटचे सांधे मनगटात जाणवतात आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. कमी झाली तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. पंक्चरवाल्याकडे ट्यूबला अशी जोडछिद्रं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच.

पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर वापरावा लागला तर नळी क्षणभर लावा, काढा, दाबून बघा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडीशीच, त्यामुळे धरून ठेवलं तर ती फुटते. रोड सायकलींचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह या नळीला बसत नाही. त्यासाठी छोटी पितळी टोपी मिळते, ती कायम किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवा.

पंक्चर झालं तर?

डेक्कन, मॉडेल कॉलनी, कर्वे रस्ता या टापूत पंक्चरवाला एखाद-दोन किलोमीटरमध्ये सापडतो, पण सकाळी आठच्या आधी बहुतेकदा नाही. त्यामुळे एक जादा ट्यूब, टायर उचकटायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप आणि चाकाला नट असतील तर १५ नंबरचा पाना एवढं बरोबर ठेवा.

रस्त्यावर जोड लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदला. चाक काढा, उरलेली हवा सोडा, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने लिव्हर घालून टायरची एक कड बाहेर काढा आणि ट्यूब ओढा. आता लोक हमखास गाळतात ती पायरी : टायरच्या आतून बोटं हळू फिरवा. बाभळीचा काटा, काचेचा तुकडा किंवा ट्रकच्या फुटक्या टायरमधली केसासारखी तार अजून तिथेच असते. ती न काढता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत तीही बसते. छिद्र ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर दोष रस्त्याचा नाही. रिमवरची पट्टी सरकून स्पोकचं टोक उघडं पडलेलं असतं.

नव्या ट्यूबमध्ये ती गोल उभी राहील एवढीच हवा भरून आत बसवा. टायरची कड शेवटी अंगठ्यांनी चढवा, लिव्हरने नको, तिथे ट्यूब चिमटते. पूर्ण हवा भरण्याआधी व्हॉल्व्ह एकदा आत दाबून बाहेर ओढा.

घरी जोड लावताना : पॉलिश पेपरने खरखरीत करा, सोल्युशनचा पातळ थर द्या आणि चकाकी जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं, थांबा. जोड सुटतो तो याच घाईमुळे.

पहिली कॉफी कुठे आणि काय?

फेरी संपवून नऊच्या सुमारास फर्ग्युसन रस्त्यावर आलात तर वैशाली, रूपाली किंवा वाडेश्वर. सायकल चालवल्यानंतरची पहिली कॉफी फिल्टरच असावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. गरम, गोड, दुधाची, आणि ती यायला वेळ लागत नाही. वैशालीत लोक एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) मागवतात, पण सकाळी सायकलवरून आलेल्या पोटाला इडली किंवा डोसा जास्त मानवतो. आधी एक ग्लास पाणी, मग खाणं, मग कॉफी. रिकाम्या पोटी घामाघूम अवस्थेत कॉफी ढोसली तर कित्येकांना मळमळतं.

गुडलकला कॉफी कशी असते?

गुडलकला चहा प्यायचा. १९३५ पासून चालणारं इराणी हॉटेल आहे ते, तिथे बन मस्का आणि चहा हीच जोडी. बन चहात बुडवताना लोण्याची बाजू वर ठेवा, नाहीतर अर्धं लोणी कपात तरंगतं. पहाटे निघण्याआधी काही खायचं असेल तर मात्र ते उघडलंय का ते बघून घ्या, आणि एक बन दोघांत बास.

फिल्टर कॉफीत चिकोरी का घालतात? भेसळच की ती.

पाकिटावर प्रमाण छापून घातलेली चिकोरी भेसळ ठरत नाही. भारतीय नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींची टक्केवारी पाकिटावर लिहावी लागते. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. तिच्यात कॅफीन नसतं. तिच्यामुळे डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून खाली उतरणारा कॉफीचा अर्क, घट्ट आणि काळं होतं, किंचित कडवट-गोड चव येते आणि भरपूर दुधातही कॉफी हरवत नाही. दुधासाठी ८०-२० किंवा ७०-३० चांगलं. काळी प्यायची असेल तर चिकोरीविना पूड मागा.

घरच्या फिल्टरमधून डिकॉक्शन खाली उतरत नाही, हा याला जोडूनच येणारा प्रश्न. कारणं तीन असतात. पूड फार बारीक, म्हणजे एस्प्रेसोसाठी दळलेली. पूड वरच्या चकतीने गच्च दाबलेली. ती नुसती सपाट करायची असते. किंवा खालच्या भांड्यात हवा अडकलेली : वरचं भांडं किंचित उचलून फिरवा, लगेच थेंब सुरू होतात. दोन-तीन कपांसाठी पंचवीस ग्रॅम पूड आणि दीडशे मिलिलिटर, उकळी येऊन जरा निवलेलं पाणी. वीस मिनिटं त्याकडे बघू नका. दूध वेगळं कडकडीत तापवा. डिकॉक्शन मात्र कधी उकळू नका, ते कडू होतं.

नव्या पद्धतीच्या कॅफेत मेनू कळत नाही. काय मागू?

घाबरण्यासारखं काही नाही, बहुतेक सगळं एस्प्रेसोवर उभं असतं. साधारण अठरा ग्रॅम बारीक पूड, पंचवीस ते तीस सेकंद दाबाखाली पाणी, कपात छत्तीस ग्रॅमच्या आसपास दाट कॉफी. तिच्यात गरम पाणी घातलं की अमेरिकानो. थोडं, बारीक फेसाचं दूध घातलं की फ्लॅट व्हाइट, फेस जाड आणि वरपर्यंत असला की कॅपुचिनो, दूध भरपूर असलं की लाते. फिल्टर कॉफीची सवय असलेल्याने सुरुवात फ्लॅट व्हाइटने करावी आणि साखर घालण्याआधी एक घोट घ्यावा.

खरी गंमत पोअर ओव्हरमध्ये आहे, आणि सुट्टीच्या दिवशीच तिला वेळ असतो. कागदाच्या गाळणीत पंधरा ग्रॅम जाडसर पूड, वरून थोडं थोडं करत अडीचशे ग्रॅम पाणी, ९२ ते ९६ अंश तापमानाचं. पहिलं पाणी फक्त पूड भिजण्यापुरतं, तीस-चाळीस ग्रॅम. कॉफी ताजी भाजलेली असेल तर इथे पूड ब्रेडच्या पिठासारखी फुगते आणि बुडबुडे फुटतात. शिळी असेल तर चिखलासारखी पडून राहते. काउंटरजवळ बसून हे बघा, पाकिटावरच्या चारपानी वर्णनापेक्षा जास्त कळतं. एकूण तीन मिनिटांच्या आसपास पाणी उतरलं पाहिजे. पाच मिनिटं लागली तर कप तुरट-कडू लागणार, दीड मिनिटात संपलं तर आंबट आणि पाणचट. दोन्हींत चूक दळण्याची.

आलेला कप लगेच संपवू नका. निवताना चव बदलते, कोमट झाल्यावर गोडी वर येते. दूध-साखर यात चालत नाही असा नियम नाही, पण मग पोअर ओव्हरचे पैसे कशाला भरायचे?

कॉफी आंबट लागली. परत पाठवू का?

आधी विचारा, कुठली आणि किती भाजलेली आहे. हलक्या भाजणीच्या अरेबिका जातीच्या कॉफीला लिंबू-संत्र्यासारखी आंबटसर चव असतेच, तोच तिचा गुण मानला जातो. जिभेच्या कडा आवळणारा आणि मागे काहीच चव न ठेवणारा आंबटपणा असेल तर कॉफीचा अर्क पाण्यात पुरता उतरलेला नाही, शांतपणे सांगा, चांगल्या ठिकाणी बदलून देतात. आंबट अजिबात आवडत नसेल तर मध्यम-गडद भाजणी किंवा मॉन्सून्ड मलबार मागा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी दमट वाऱ्यावर ठेवून फुगवलेली ही कॉफी आहे आणि तिच्यात आंबटपणा जवळपास उरत नाही.

कॉफीच्या बिया घरी न्यायच्या असतील तर?

पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. एक ते पाच आठवडे जुनी सर्वांत बरी. कालच भाजलेली असेल तर आठवडाभर थांबा, तिच्यातून वायू निघत असतो आणि पाणी नीट मुरत नाही. घरी ग्राइंडर नसेल तर तुमचं भांडं कुठलं ते सांगून तिथेच दळून घ्या आणि शंभर ग्रॅमच घ्या, पूड पंधरा दिवसांत मरते. पिशवी सायकलच्या कॅरिअरवर उन्हात बांधू नका.

बहुतेक पाकिटांवर चिकमगळूर, कोडगू किंवा अराकू दिसेल. महाराष्ट्रातही कॉफी पिकते, अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला. पिकते थोडी आणि पुण्यातल्या कॅफेत क्वचितच भेटते, त्यामुळे तिकडे गेलात तर तिथूनच आणा.

दुपारचं काय करायचं?

कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. पुणे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, ते का, हे तिथे हातभर अंतरावरून कळतं. तीन मजले सायकली, दिवे, पंप, घंट्या, जुनी हत्यारं, आणि दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकल. तिच्या दांड्यांवरच्या दोन मोठ्या पंखांच्या नटांकडे लक्ष द्या : ते सैल केले की सगळी सायकल मधोमध दुमडते. खासगी संग्रह आहे, त्यामुळे वेळ आधी विचारून जा.

डेक्कनपासून चार-पाच किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन धरलं की दिवसाचे वीस-बावीस पुरे होतात. कर्वे रस्त्याऐवजी नळ स्टॉपहून म्हात्रे पुलाकडे उतरा आणि डीपी रस्त्याने राजाराम पुलापर्यंत जा, तिथून कर्वेनगर. पण अकराच्या आत पोचा किंवा चारनंतर निघा. मधल्या वेळेत पुणेकर झोपतात अशी थट्टा होते. ऊन लागलं की ती थट्टा नसून व्यवहार आहे हे समजतं.

कॅम्पही यातच बसवता येईल का?

बसेल, पण बसवू नका. ईस्ट स्ट्रीटची कयानी बेकरी आणि जहांगीर हॉस्पिटलजवळचं वोहुमन हे इराणी हॉटेल ही वेगळ्या सुट्टीची सोय आहे. कयानी दुपारी बंद असते, तेव्हा सकाळीच जावं. श्रूजबेरी बिस्किटांचं खोकं सायकलला आडवं बांधा. उभं बांधलं तर घरी चुरा पोचतो.

सायकल कुठे लावायची? चोरीची भीती वाटते.

मागच्या चाकाला बसवलेलं गोल कुलूप फक्त चाक फिरू देत नाही, सायकल उचलून नेता येते. कडक यू कुलूप घ्या आणि ते मागचं चाक, सांगाडा आणि एक पक्का लोखंडी खांब तिन्हींतून घाला. झाडाला किंवा पदपथाच्या सैल कठड्याला नको. सीट हाताने सैल होणारी असेल तर ती काढून बरोबर घ्या, किंवा तिथे साधा नट बसवून घ्या. कॅफेत बसताना सायकल दिसेल असं टेबल निवडा. वॉचमनला विचारून लावली तर तो लक्षही ठेवतो. न विचारता लावली तर हवा सोडतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

चेन उतरली तर हात काळे न करता चढवता येते?

जवळपास. मागचा गिअर यंत्राचा हात पुढे ढकला, चेन ढिली पडते. काडीने ती पुढच्या लहान चक्राच्या दातांवर टेकवा आणि पायडल हाताने हळू फिरवा. बिनगिअरची सायकल असून चेन सारखी उतरत असेल तर मागचे नट सैल करून चाक मागे ओढा. चेन मध्यभागी बोटाने दाबली तर एक-दीड सेंटीमीटर खाली-वर झाली पाहिजे. काळे हात साबणाआधी थोड्या खोबरेल तेलाने चोळा.

किती कॉफी म्हणजे फार?

निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत चालतं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. फिल्टर, फ्लॅट व्हाइट आणि एक पोअर ओव्हर एवढ्यात तुम्ही त्याच्या आत राहता. कोल्ड ब्रूपासून सावध. ती गोडसर लागते, गटागट जाते, पण पूड थंड पाण्यात बारा ते अठरा तास भिजलेली असते आणि पेलाही मोठा असतो. शरीरातलं निम्मं कॅफीन बाहेर पडायला पाचेक तास लागतात, म्हणून शेवटचा कप तीनच्या आत. गरोदर स्त्रिया, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणारे यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं.

पावसाळ्यात हा बेत जमतो?

खरं तर जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठाचं आवार सगळ्यात देखणं असतं. मडगार्ड मात्र हवेतच, नाहीतर पाठीवर चिखलाची रेघ घेऊन कॅफेत जावं लागतं. झेब्रा पट्टे, लोखंडी झाकणं आणि ओली पानं यांवर वळू नका, ब्रेकही मारू नका. रिमवरचे ब्रेक भिजले की चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत धरत नाहीत. आधी हलकेच दाबून पाणी निपटून काढा, मग जोर द्या. डबक्यातून जाऊ नका, खाली खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि बंद होतो. अशा वेळी नदी ओलांडायला डेक्कनचा झेड ब्रिज आहे, तो दुचाक्यांसाठीच आहे.

घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा, पायडल मागे वीस-तीस वेळा फिरवा आणि बाहेर राहिलेलं तेल पुन्हा पुसून काढा. वर राहिलेलं तेल चिखलच धरतं.